गंजात उरलेला भात

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते आहे.)

पत्र लिहिणारी २९ वर्षांची आहे. बीएएमएस झाल्यावर ती नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून लागली. नागपूरहून रोज अप-डाऊन करते. तिशीपुढच्या लोकांची तपासणी करताना तिला दिसलं, की ज्यांना अजून ‘शुगर आहे’ म्हणता येत नाही पण जे काठावर आहेत असे लोक गावात पुष्कळ आहेत. पोट सुटलेलं, बीपी थोडं वर, उपाशीपोटी साखर ११०-१२०. त्यांच्यासाठी तिने आहाराचे तक्ते छापून वाटले, योगदिनाला शिबिर घेतलं, दर महिन्याला वजनं घेतली. पहिल्या सभेला चाळीस जण आले, चौथीला सहा. ‘मॅडम, आमी दिवसभर वावरात राबतो, आमाले कायचा व्यायाम सांगता?’ हे तिला रोज ऐकावं लागतं. एकदा तिचा संयम सुटला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर ती एका काकांना म्हणाली, ‘असाच चहा-खर्रा चालू ठेवा, मग पाय कापायची पाळी आली की या माझ्याकडे.’ तेव्हापासून काका उपकेंद्राची पायरी चढलेले नाहीत. ती विचारते, ‘लोकांना स्वतःच्या जिवाचीच पर्वा नसेल तर मी किती डोकं आपटायचं? गोळ्या वाटाव्या, पोर्टल भरावं आणि गप्प बसावं का?’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘घरी सासूबाईंची साखरही काठावर आहे. त्याही माझं ऐकत नाहीत.’

नमस्कार डॉक्टर,

तुमचं पत्र आणि सोबत जोडलेला आहाराचा तक्ता, दोन्ही मी सावकाश वाचलं. आधी एवढंच सांगते, की गप्प बसू नका. पायाची जखम चिघळली की सगळं घर धावपळ करतं, पण साखर ११० असताना कुणाला काही वाटत नाही. त्या ११० वाल्यांची यादी करून बसलेली डॉक्टर गावाला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

तुमच्या रजिस्टरात जे दिसतंय ते तुमच्या गावापुरतं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या काठावर. मधुमेह शहरात जास्त आढळला, काठावरच्यांचं प्रमाण मात्र खेड्यात आणि शहरात जवळपास सारखं निघालं. आणि काठावरचा माणूस मागे ओढता येतो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. ज्यांनी खाण्यात बदल केले आणि रोजचं चालणं ठेवलं, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. त्या लोकांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं, तरीही हा फरक पडला. तुम्ही दर महिन्याला काटा मांडून बसता आणि आकडा हलला नाही की तुम्हीही खट्टू होता, ती माणसंही. तो काटा काही दिवस कपाटात ठेवा.

आता तुमच्या ‘पर्वा नाही’ या शब्दांकडे येते. रागाच्या भरात तुम्ही ते लिहिलेत हे मला कळतं. पण पहिल्या सभेला चाळीस जण आले होते ना? कामाच्या दिवसांत, मजुरी पाडून? ज्यांना पर्वा नसते ते पहिल्या सभेलाही येत नाहीत. मग चौथ्या सभेपर्यंत काय घडलं? मला वाटतं, तो तक्ता घडला.

तक्त्यात सकाळी ओट्स आहेत. अकरा वाजता सफरचंद. दुपारी दोन फुलके, सॅलड, पनीर. रात्री सूप. स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल. आणि ‘४५ मिनिटे वेगाने चालणे’. डॉक्टर, हा तक्ता घेऊन एखादी बाई घरी गेली तर तिने चुलीवर काय चढवायचं? घरात धान आहे, रेशनचा तांदूळ आहे, थोडा गहू आहे. ज्वारी होती तेव्हा भाकर होती. पुढे सोयाबीन आलं, ज्वारीवर पाखरं आणि रानडुकरं तुटून पडायला लागली, उरलेली पावसात काळी पडायला लागली, आणि लोकांनी ती पेरणंच सोडलं. आता ज्वारी विकत घ्यावी लागते. त्या घरात भात जास्त खाल्ला जातो तो अडाणीपणाने नाही. जे घरात आहे तेच ताटात येतं. तुमच्या तक्त्यात तिच्या घरातली एकही वस्तू नव्हती. तिने तो घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला असेल आणि पुढच्या सभेला यायला तिला संकोच वाटला असेल.

आणखी एक गोष्ट पत्रभर शोधली, ती सापडली नाही. त्या घरांत स्वयंपाक कोण करतं आणि शेवटी कोण जेवतं?

उमरेडकडे माझी एक आत्या असते. तिची साखर वाढल्याचं कळलं तेव्हा मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. जाताना तिच्यासाठी शहरातून काय काय घेऊन गेले होते. पहिल्या रात्री आठ वाजता पुरुषमाणसं जेवली, मग मुलं, मग सून तान्ह्याला घेऊन बसली. आत्याने भांडी गोळा केली, उष्टं काढलं, उद्याच्या पोह्यांसाठी कांदे बाजूला ठेवले आणि दहाच्या सुमारास चुलीजवळ बसली. वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तळाला पातळ पाणी उरलं होतं. वांग्याच्या भाजीतली वांगी संपली होती, रस्सा होता. भाताच्या गंजात मात्र तिघांना पुरेल एवढा भात. तिने ताट घेतलं नाही. तो रस्सा गंजातच ओतला, कालवला आणि भिंतीला टेकून खाल्ला. मी विचारलं, ‘एवढा भात?’ ती म्हणाली, ‘फेकू का मंग?’ जेवली आणि तिथेच बाजूला आडवी झाली. दिवसभरात निवांत टेकायची तिची तेवढीच वेळ.

आत्याला शुगरमध्ये काय खावं हे ठाऊक होतं. नवऱ्याचं पथ्य तिने दहा वर्षं सांभाळलं होतं. तिच्या वाट्याला जे उरत होतं तेच तिचं पथ्य होतं. तुमच्या यादीतल्या बायकांपैकी किती जणी असं गंजात जेवत असतील, ते आशाताईंना विचारा. त्यांना घरोघरचं माहीत असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला तक्त्याबद्दल नाहीच. घरातल्या बाईचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जावं. ती मागाहून जेवली तरी चालेल, पण तिचं घट्ट वरण, तिची भाजी आधी एका वाटीत काढून झाकून ठेवलेली असावी. आणि भात मोजून रांधावा. आज गंजात किती उरला हे पाहून उद्या तेवढे तांदूळ कमी घ्यायचे. याला पैसा लागत नाही, नवी वस्तू लागत नाही. पण हे त्या बाईला एकटीला सांगून होणार नाही, सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगावं लागेल. नवऱ्याला सांगा, ‘तुमची साखर त्या सांभाळतात, त्यांची कोण सांभाळणार?’ आत्याच्या घरी हे तिच्या नवऱ्याने, माझ्या काकांनी, मनावर घेतलं म्हणून झालं. ते स्वतः आधी तिची वाटी काढायला लागले. सुरुवातीला तिला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

ताटातलं काय बदलायचं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून जास्त वाटा धान्याचा नसावा असं म्हटलं आहे. गावात हे टक्के सांगू नका. एवढंच सांगा, की भाताची एक वाढणी कमी आणि डाळीची एक वाटी जास्त. वरण पळीतून ओघळेल असं नको, घट्ट हवं. आणि तुमच्या भागाला काय कमी आहे हो? धुऱ्यावर तूर असते. धान निघाल्यावर त्याच बांधीत हरभरा, वाल, जवस. थंडीत तुरीच्या आणि पोपटाच्या शेंगांचे सोले. बरबटीची उसळ. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, उन्हाळ्यात चिवळ. जवसाची चटणी घराघरात वाटली जायची, ती आता म्हाताऱ्यांपुरती उरली आहे. तिच्यात चांगली चरबीही आहे आणि तंतूही. जे खातात त्यांच्यासाठी बोडीतली, म्हणजे तळ्यातली, ताजी मासोळी रश्श्यात, अंडी उकडून. जेवताना आधी भाजी-वरण आणि भात मागाहून, हा क्रमही साखरेची उसळी थोडी कमी करतो. ज्वारी परवडेल तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा भाकर, नाही परवडली तर गव्हाच्या पिठात हरभऱ्याचं पीठ मिसळून पोळी. ओट्स राहू द्या.

तेलासाठी एक साधी युक्ती. पिपा फोडला की त्यावर कोळशाने किंवा पेनाने तारीख लिहायची. माणशी महिन्याला साधारण पाऊण किलो तेल पुरतं. पाच जणांच्या घरात १५ किलोचा पिपा चार महिने चालायला हवा. अडीच महिन्यांत तळ लागला तर हात सैल आहे, आणि ते कुणी न बोलता पिपाच सांगतो. तारीख घरातल्या शाळकरी पोराला लिहायला सांगा, पोरं हे काम विसरत नाहीत.

चहाचं मात्र जपून बोला. सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दिवसाला ५०-६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ पर्यंत असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण चहा म्हणजे आलेल्या-गेलेल्याचा मान असतो. ‘चहा सोडा’ म्हटलं की माणूस तुम्हालाच सोडतो. अर्धा चमचा कमी करायचा, महिनाभर जिभेला सवय होऊ द्यायची, मग आणखी अर्धा. चहाठेलेवाल्याशी एकदा बोलून पाहा. कमी साखरेचं वेगळं भांडं ठेवायला तो तयार झाला तर तुमच्या दहा सभांचं काम होईल. गुळाचा चहा चालतो हा समज तेवढा मोडून काढा, गूळही साखरच. संत्र्याबद्दल तुम्हाला हमखास विचारतील. काठावरच्या माणसाने एक संत्रं सोलून चोथ्यासकट खावं, रस काढून पिऊ नये. मीठ माणशी दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. त्यात लोणचं आणि पापड आलेच.

आता ‘आमी वावरात राबतो’ याकडे. हे वाक्य तुम्हाला बहाणा वाटतं. मला ते अर्धं खरं वाटतं, आणि तुम्ही त्यातला खरा अर्धा भाग आधी मान्य केलात तरच उरलेल्या अर्ध्यावर बोलता येईल. रोवणीच्या दिवसांत जी बाई आठ तास चिखलात वाकून उभी असते, तिला ‘रोज ४५ मिनिटे चाला’ सांगणं हा तिचा अपमान आहे. त्या दिवसांत तिला चालायला सांगूच नका. तिला वेळेवर जेवण, पाणी आणि पाठ टेकायला जागा लागते. पण रोवणी काही आठवडे चालते, कापणी काही आठवडे. फेब्रुवारी ते मे तुमच्या भागात कोरडवाहू माणसाच्या हाताला काम किती असतं? आणि पुरुषांचं काय? चिखलणी ट्रॅक्टर करतो. कापणीला हार्वेस्टर येतो. वावर दोन किलोमीटरवर असलं तरी गाडीला किक मारून जाणं होतं. वडील ज्या अंगमेहनतीवर गंजभर भात पचवत होते ती मेहनत निम्म्याने गेली, भात तेवढाच राहिला. सभेत भाषण करू नका, हा हिशेब त्यांनाच मांडू द्या. ‘काका, तुमचे वडील वावरात कसे जायचे? तुम्ही कसे जाता?’ एवढं विचारून थांबा. उत्तर देता देता माणूस स्वतःच हसतो आणि गप्प होतो. तिथून बोलणं सुरू होतं.

व्यायामाला आपल्याकडे घरचाच शब्द आहे, शतपावली. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालणं. स्नायू हलले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरच्या चालण्याचा उपयोग जास्त. दिवसातून तीनदा दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, की दीडशे मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटना किमान तेवढीच मागते, फक्त ती जरा झपझप चालीची. म्हणून सवय झाली की चाल थोडी वाढवायची. मेमध्ये ऊन ४५ अंशांवर जातं, तेव्हा दुपारची शतपावली ओसरीतच. त्यात भर म्हणून आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, बाजेच्या काठावरून उठून परत बसायचं, दहा वेळा. गुडघे दुखणाऱ्याने हात टेकून.

बायकांची अडचण वेगळी आहे. संध्याकाळी रस्त्याने नुसतीच चालत निघालेली बाई गावाच्या डोळ्यावर येते. अंधार, कुत्री, पिऊन बसलेली माणसं. ‘लोक काय म्हणतील याचा विचार करू नका’ असं तुम्ही त्यांना सांगू नका, कारण तुम्ही सहाची गाडी पकडून नागपूरला जाता आणि त्यांना तिथेच राहायचं आहे. चालण्याला काहीतरी निमित्त द्या. बचत गटाच्या बायका हप्ता भरायला जमतातच, त्या दिवशी मंदिरापर्यंत मिळून जाऊन यायचं. गावात सामुदायिक प्रार्थना होत असेल तर प्रार्थनेनंतर सगळ्यांनी गावाला एक फेरी मारायची. आठ-दहा जणी मिळून निघाल्या की नावं ठेवणारे गप्प बसतात, असं मी दोन-तीन गावांत पाहिलं आहे.

पोटाबद्दल एक सांगते, कारण तुमच्या यादीतून काही माणसं निसटत असतील. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, असा शेतकरी वजनकाट्यावर अगदी ठीक दिसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य घातलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी बारीक, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. बारीक दिसणारा भारतीय आतून चरबीचा असू शकतो, तो असा. म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या आत. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. बायकांची मापं आशाताईंनी आतल्या खोलीत घ्यावीत.

टेपची भीती वाटत असेल तर सुतळी घ्या. माणसाच्या उंचीएवढी कापायची, बरोबर मधोमध दुमडायची आणि ती दुहेरी सुतळी कमरेभोवती फिरवायची. टोकं एकमेकांना भेटली तर ठीक, मध्ये फट राहिली तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. हे कुणालाही घरी करता येतं, आकडे वाचता येत नसले तरी. पुरुषांना तर मी करदोड्याचं विचारते. लग्नातला करदोडा आज कमरेला बसतो का? मध्ये किती वेळा सैल करून बांधला? लग्गेच बोट पोटाकडे जातं. तीन महिन्यांनी त्याच सुतळीवर नवी गाठ कुठे पडते ते बघायचं. वजनाच्या वहीपेक्षा ती गाठ माणसाला जास्त कळते.

सगळ्या गावाला एकदम सुधारायला जाऊ नका. तुमच्यावर पोर्टल, लसीकरण, गरोदर माता, सगळंच आहे. पाच हजारांच्या वस्तीत तुम्ही एकट्या आहात. दहा घरं निवडा, तीन महिन्यांसाठी. यादीतली सगळ्यात बिघडलेली दहा निवडू नका. ज्या घरातली सासू किंवा आजी बोलकी आहे, जिच्या हातच्या चटणीचं गाव नाव घेतं, अशी घरं घ्या. महिन्यातून एकदा त्यांच्यापैकी एकीच्या ओसरीत बसा. तिथे तुम्ही कमी बोला. कुणी भात कसा कमी केला, कुणाच्या नवऱ्याने कशी कुरकुर केली, हे त्यांनाच एकमेकींना सांगू द्या. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत महाप्रसादाचा विषय काढून बघा. बुंदीला हात लावू नका, त्यावरून वाद होईल. वांग्या-आलूच्या भाजीसोबत एक उसळ आणि काकडी-मुळ्याची कोशिंबीर वाढता येईल का, एवढंच विचारा. पंगतीत वाढलं गेलं की ती वस्तू गरिबाची किंवा आजाऱ्याची राहत नाही, सगळ्यांची होते.

इथे काही गोष्टी घट्ट धरून ठेवा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्यापुढे असेल तर नुसत्या शतपावलीवर कुणाला ठेवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून पक्कं निदान आणि गोळी सुरू करून घ्या. चालायला लागलं म्हणून कुणी गोळी बंद करू नये. कारल्याचा रस घ्यायचा तर घ्या, गोळीच्या जागी नको. काही गोळ्यांवर साखर एकदम खाली जाऊ शकते, अशांनी उपवास करताना आणि जास्त श्रमाच्या दिवशी आधी विचारावं आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. चालताना छातीत दुखलं किंवा दम लागला तर थांबून तपासणी. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने डाळी-फळं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी चिखलात अनवाणी जाऊन आल्यावर रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या बघाव्यात. खर्ऱ्याचं मी हलकं घेत नाही, तंबाखूने हृदयाचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतोच. पण ती वेगळी लढाई आहे. एकाच दिवशी माणसाचा भात, चहा आणि खर्रा तिन्ही काढून घेऊ नका.

तुमच्यासारखीच पत्रं मला शिक्षकांची येतात, आशाताईंची येतात, नागपुरात नोकरी करणाऱ्या मुलांचीही येतात, की आईबाबा गावाकडे ऐकत नाहीत. त्यांनाही सांगते, महिन्याला येताना शुगर-फ्री बिस्किटांचे पुडे आणू नका. पाच किलो ज्वारी आणा, आणि जेवायला बसलात की आईला शेजारी बसवून घ्या.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला ती जड वाटली. त्यांच्या घरात तुम्ही डॉक्टर असण्याआधी सून आहात. सुनेने सासूच्या ताटातला भात कमी केला तर त्याचा अर्थ त्या घरात काय लागतो, ते तुम्ही जाणता. त्यांना साखर शिकवू नका. जवसाची चटणी कशी करायची, अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालायच्या, हे विचारा. तुम्हाला खरंच येत नसेल, आणि गावात सांगायला ते हवंच आहे. त्या करून दाखवतील, तुम्ही दोघी बसून खाल. रात्री जेवण झालं की नवऱ्याला म्हणा, ‘आईंना घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.’ मुलासोबत त्या जातील.

राहिले ते काका. पाय कापायची भीती दाखवून तुम्ही त्यांना वाचवू पाहत होता, पण ते शब्द चार माणसांत गेले. गावात चार माणसांत गेलेली इज्जत उपकेंद्राच्या बंद खोलीत परत येत नाही. निरोप पाठवून त्यांना बोलावू नका. एखाद्या दिवशी पहिल्या बसने या आणि ते वावरात निघण्याआधी त्यांच्या घरी जा. बीपीचं मशीन पिशवीतच राहू द्या. काकूही समोर असताना म्हणा, ‘काका, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं.’ त्यापुढे स्पष्टीकरण देऊ नका. ते काही बोलणार नाहीत कदाचित, बाज पुढे सरकवतील. काकू चहा ठेवतील. तो चहा घ्या, आणि कप हातात येण्याआधी काकूंना सांगा, ‘माझ्या कपात अर्धाच चमचा साखर घाला.’